टेकडीची पलीकडची बाजू

दुपारी वडिलांना भरवून झालं की ती त्यांच्याच खोलीत कॉम्प्युटरसमोर बसायची. गेमसाठी डोंगर, नद्या, जंगलं उभी करणं हे तिचं काम. सध्या एक गवताळ टेकडी चालली होती. पाय पडला की गवत वाकेल, असं तिने केलं होतं. चालणारं माणूस मात्र अजून टाकायचं होतं. ऑफिसमधून फोन यायचे ते सगळं कालच हवं होतं अशा सुरात.

वडील अंथरुणाला खिळलेले. ती जवळ गेली की ते कसेबसे कडेला सरकून तिला जागा करून द्यायचे. ती बसायची नाही. एकदा बसलं की आपल्याच्याने उठणं होणार नाही, हे तिला माहीत होतं.

एके दिवशी टेकडीवरचं गवत वाकलेलं दिसलं. सरळ माथ्यापर्यंत पायवाट पडली होती. चूक शोधून शोधून ती मेटाकुटीला आली आणि तिने नाद सोडला.

संध्याकाळी पाय चेपून घेताना वडील म्हणाले, "वरपर्यंत जाऊन आलो. पुढे काहीच नाही गं. कापून टाकल्यासारखं."

तिचे हात थांबले. पलीकडची बाजू तिने केलीच नव्हती. खेळणाऱ्याला जे दिसणार नाही ते करत बसायचं नाही, ही त्या कामातली साधी रीत. आणि पलंगावरून तर स्क्रीनची नुसती पाठ दिसायची.

"स्वप्न पडलं असेल, बाबा."

"असेल. पण पुढे वाट कर. असं अर्ध्यातून परत यायचं म्हणजे दमायला होतं."

मग रोज तेच सांगणं आणि रोज गवत वाकलेलं. शेवटी एका दुपारी तिने पलीकडचा उतार केला, खाली नदी, काठावर एक लांब बाक. वाट केली तर काय होईल, हे तिला आतून कळत होतं. तरी केली. तीही फार दमली होती.

"झालं, बाबा," एवढंच ती म्हणाली. त्यांनी मान हलवली.

सकाळी ते झोपेतच गेले होते. रडू यायच्या आधी तिला हायसं वाटलं, आणि त्याची फार लाज वाटली.

आलेली माणसं पांगल्यावर तिने टेकडी उघडली.

पायवाट माथा ओलांडून खाली उतरली होती, थेट बाकापर्यंत.

बाकापुढचं गवत फक्त एका टोकाला दबलं होतं. अगदी कडेला.

बाकीची जागा मोकळी होती.

तिचे पाय भयंकर दुखत होते.