वरचे चार

आमचा शिपाई उकंडराव १९६४च्या श्रावणात एकाचा आठ झाला. कार्यालयाच्या मते तसं काही घडलेलं नाही. शिपायाचं मंजूर पद एक, भरलेलंही एकच.

देऊळगाव राजाच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. रत्नागिरीहून सी-अर्चिन मागवले होते, काटेरी चेंडूसारखे समुद्रजीव. एस.टी.त ते जगले. समुद्राचं पाणी मात्र वाटेत सांडलं. उकंडराव लोणारजवळच्या सुलतानपूरचा. त्यानं लोणारच्या सरोवराचं पाणी डबाभर आणलं.

"खारं ते खारंच ना, सर. त्यायले काय समजते?"

पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता. तरी त्यात सी-अर्चिनची अंडी फलित झाली. एका पेशीच्या दोन झाल्या, दोनाच्या चार. नळीत हलवून मी त्या सुट्या केल्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे चारही पेशींचे चार पूर्ण जीव झाले, फक्त लहान. उरलेल्या पाण्यात उकंडरावानं हात धुतले.

मंगळवारी हजेरीपटावर त्याच्या दोन सह्या होत्या. बुधवारी चार. अक्षर तेच.

दुपारी त्याची बायको भिमाबाई डबा घेऊन आली.

"सर, एक घरी येऊन झोपला हाय, एक दळण आनाले गेला. मंग हे दोघं कोन?"

दोघंही म्हणाले, "मीच." खाकी शर्टाच्या बाह्या त्यांच्या बोटांवर आल्या होत्या.

"चौघाईले माह्या मायचं नाव ठाऊक हाय. एकच निभत नव्हता मले," ती म्हणाली. मग हळूच, "माहा कोनता, सर?"

मी पुस्तक उघडलं. चारपर्यंत प्रत्येक पेशी पूर्ण असते, त्यात मूळ अशी कुठली नसते. पान उलटलं. आठ झाल्यावर सुट्या केल्या, तर वरच्या चार पेशींचे नुसते पोकळ गोळे होतात. आतडं नाही, तोंड नाही. तरी ते फिरत राहतात.

मी डब्यातलं उरलेलं पाणी मोरीत ओतलं.

गुरुवारी आठ सह्या.

भिमाबाईनं प्रयोगशाळेच्या टेबलावर आठ भाकरी मांडल्या. चौघं जेवायला बसले.

उरलेले चार टेबलाभोवती फिरत होते. नाकाखाली तळहातासारखं गुळगुळीत कातडं.

तिनं चार भाकरी फडक्यानं झाकल्या.

"यायले भूक लागत असंन का हो, सर?"

मी पुस्तक मिटलं.

"माहा यायच्यातलाच असंन तं?"

शेवटी मी अर्ज लिहिला: तरी मा. प्राचार्यांनी मूळ उकंडराव ओळखून, तोंडासह, भिमाबाईंच्या ताब्यात द्यावा, ही नम्र विनंती.