जास्तीची नळी

“हात लावू नकोस मला! त्याला बोलाव!”

थंडीने दातांवर दात आपटत होते, अंगातली धग चादरीवरूनही जाणवत होती, पण सासूबाईंचा करारीपणा तसूभरही ढळला नव्हता! सूनबाई पाण्याचा ग्लास घेऊन तशीच मागे सरली आणि नवऱ्याला हाक मारायला गेली. तीन वर्षं हे असंच चाललं होतं. सासूबाईंना काही हवं असलं की त्या मुलाला सांगत, मुलगा बायकोला सांगे, आणि ती वस्तू पुन्हा मुलाच्याच हातून त्यांच्याकडे जाई. सूनबाई चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. अर्धं गाव तिच्या हातच्या काचा नाकावर घालून फिरत होतं... आणि सासूबाईंनी मात्र आपला चष्मा मुद्दाम समोरच्या दुकानातून करून आणला होता!

सूनबाईचा अपराध एकच होता. सासरे, म्हणजे बाबा, शेवटच्या आजारात अतिदक्षता विभागात असताना तिथल्या तरुण डॉक्टरबाई एक संशोधन करत होत्या. जंतुसंसर्ग रक्तात भिनलेल्या रुग्णांपैकी कोण तरेल आणि कोण नाही, हे रक्तातल्या कुठल्या घटकांवरून आधी ओळखता येईल, ते त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी रोजच्या तपासणीच्या वेळी रक्ताची एक जास्तीची नळी भरून घेत. सासूबाईंना सुई नुसती दिसली तरी घेरी यायची. त्यांनी ती नळी पाहिली, “कुणी परवानगी दिली?” म्हणून विचारलं, आणि सूनबाई म्हणाली, “मी.” पुढे बाबा गेले. एका नळीने माणूस जात नाही हे सासूबाईंनाही ठाऊक असणार. पण दुःखाला आदळायला कुणीतरी समोर लागतं, आणि सूनबाई समोरच उभी होती. त्यांनी डॉक्टरबाईंचं नाव ‘डास’ ठेवलं आणि सुनेचं नाव घेणंच टाकलं.

आता त्याच विभागात, त्याच ‘डासा’च्या हाती सासूबाई होत्या. संसर्ग लघवीच्या वाटेने रक्तात उतरला होता. दुपारपर्यंत त्या पोटच्या मुलालाही ओळखेनाशा झाल्या.

“रक्ताचे पहिले आकडे वाईटच आहेत,” बाहेरच्या बाकापाशी येऊन डॉक्टरबाई म्हणाल्या. “पण नुसत्या पहिल्या आकड्यावरून मी काही बोलत नाही. ते उद्या उतरतात का ते बघायचं. उतरले तर औषध लागू पडतंय, आशा आहे. नाही उतरले तर... आपल्याकडून काहीतरी सुटतंय असं समजायचं. त्यासाठी पुन्हा पुन्हा रक्त घ्यावं लागेल.”

नणंद वर्गावरून तशीच धावत आली होती. बोटांना अजून खडू होता. ती उसळलीच. “पुन्हा तेच? बाबांना टोचून टोचून संपवलंत, आता आई? दादा, तू बोल काहीतरी! आणि वहिनीला तर अजिबात विचारू नका!”

दादा बुटांकडे बघत राहिला. सकाळी कुठला शर्ट घालायचा हेही त्या गृहस्थाने आजवर स्वतः ठरवलं नव्हतं.

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं. आता गप्प बसलं तर कुणी दोष देणार नव्हतं... निदान या वेळी तरी!

“घ्या रक्त,” ती म्हणाली.

“वहिनी! आईला काही झालं ना...”

“तर माझ्याच माथी मारा, ताई. सवय आहे मला.”

रात्र कशीबशी सरली. सकाळी नवे आकडे आले. डॉक्टरबाईंचा चेहरा पाहूनच सूनबाई उठून उभी राहिली.

“चढलेत.”

“चढले म्हणजे चांगलं ना?” दादाने आशेने विचारलं. नणंद शिक्षिका होती, गुण चढले की तिला आनंदच व्हायचा. तिलाही क्षणभर तसंच वाटून गेलं होतं.

“नाही हो. औषध बरोबर आहे, तरी आकडे चढतायत. म्हणजे आत कुठेतरी पू दडून बसलाय. कालच्या सोनोग्राफीत दिसला नाही. आता लगेच सीटी स्कॅन करू. एरवी औषधाला आणखी दोन दिवस दिले असते. आज ते दिले, तर त्या राहणार नाहीत.”

खाट चाकांवरून गेली तेव्हा सूनबाई दाराशी उभी होती. सासूबाईंचा चष्मा तिच्याच पर्समध्ये होता. एक गोष्ट तिने आजवर कुणालाही सांगितली नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही! आई गेल्या तर ती ऐकायलाच कुणी उरणार नव्हतं... तिचं अंतःकरण व्याकुळ झालं. आणि ते स्वतःसाठी की सासूबाईंसाठी, हे तिचं तिलाही उमगेना.

पू मूत्रपिंडाच्या मागे होता. पाठीतून नळी घालून तो काढला. त्यानंतरचे आकडे थोडे उतरले, मग आणखी उतरले, आणि एका सकाळी सासूबाईंनी डोळे उघडून पहिलं वाक्य उच्चारलं, “ही उशी कुणी दिली? दगड आहे नुसता!” नणंद आनंदाने रडली. दादा उशी बदलायला धावला.

साध्या वॉर्डात आल्यावर एका दुपारी डॉक्टरबाई त्यांच्यापाशी येऊन बसल्या. सूनबाई खिडकीशी फळ कापत होती.

“आजी, आमच्या अभ्यासाचा पुढचा भाग चालू आहे. बरं होताना रक्त कसं बदलतं ते बघतोय. रोजच्या तपासणीबरोबर एक नळी जास्त घेऊ का? नाही म्हणालात तरी उपचारांत काही फरक पडणार नाही.”

सासूबाईंनी मान फिरवली. “तिला विचारा. परवानग्या द्यायचं खातं तिच्याकडे आहे.”

“तिला नाही विचारता येणार, आजी. रुग्ण शुद्धीवर असला, बोलत असला, तर त्यालाच विचारायचं. घरच्यांनी हो म्हटलेलं चालत नाही. पहिल्या दिवसापासून हाच नियम आहे.”

“पहिल्या दिवसापासून?”

“हो.”

सूनबाईच्या हातातली सुरी थांबली.

सासूबाई छताकडे बघत राहिल्या. मग हळूहळू म्हणाल्या, “पण... हे तर तेव्हा बोलत होते. दाखल केलं त्या दिवशी. घरचा पंखा बंद केलास का, म्हणून मला दहादा विचारलं त्यांनी.”

“मीच विचारलं होतं त्यांना,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मला चांगले आठवतात. दुकानांतले तराजू तपासायची नोकरी केली म्हणाले. ‘काटा खरा की खोटा हे ठरवायला आधी खात्रीचं वजन लागतं,’ म्हणाले. मग विचारलं, ‘वाचणाऱ्यांचंच रक्त घेता, की मरणाऱ्यांचंही?’ मी म्हटलं, दोघांचंही. तर म्हणाले, ‘मग घ्या माझं. कुठूनही उपयोगी पडेन!’ परवा तुमचे आकडे ज्या नोंदींशी ताडून पाहिले ना, आजी, त्यांत त्यांचेही आहेत.”

सासूबाईंनी मान खिडकीकडे वळवली.

“तू ‘मी’ म्हणालीस,” सासूबाई म्हणाल्या. तीन वर्षांत प्रथमच त्या सुनेशी थेट बोलत होत्या. “का?”

“बाबांनी सांगितलं होतं... ‘तिला सुया बघवत नाहीत. माझ्यावर चिडली तर बोलणं टाकेल, आणि इथे पडल्या पडल्या ते मला सोसायचं नाही. चार दिवस तुझ्यावर चिडू दे. बरा झालो की मीच सांगतो.’”

“आणि नंतर? ते गेल्यावर?”

“नंतर...” सूनबाईने सुरी खाली ठेवली. “नंतर तुम्हाला त्यांच्यावर रागवायला कसं सांगू, आई? ते कुठे होते समजूत काढायला!”

“लबाड माणूस!” सासूबाई एकदम ओरडल्या. शेजारच्या खाटेवरची बाई दचकली. “आयुष्यभर दुसऱ्यांचे तराजू तपासले, आणि घरात असा अन्याय करून ठेवला! आणि मी... मीही काही कमी केलं नाही गं! या पोरीला...” पुढचे शब्द हुंदक्यात बुडाले. कितीतरी वर्षांनी त्या नवऱ्यावर रागावल्या होत्या, आणि पोटभर रडत होत्या.

मग पदराने डोळे पुसून त्यांनी दंड पुढे केला. “घे गं, डासा.”

नेमकी तेव्हाच नणंद आत आली. नळी पाहून ती दारातच थबकली. “आई! पुन्हा? वहिनी, तू...”

“मी सांगितलंय!” सासूबाई कडाडल्या. “माझं रक्त, माझी परवानगी. बाबांचीही त्यांची स्वतःचीच होती. सगळं सांगते, बस तिथे. आणि वहिनीला पुन्हा एक शब्द बोललीस तर याद राख!”

सुई जवळ येताच मात्र त्या पांढऱ्याफटक पडल्या. त्यांनी झटकन चष्मा उतरवून सुनेच्या हातात दिला. “हे धर. मला काही दिसायला नको.” आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

सूनबाईने सवयीने चष्मा उजेडात धरला. डोळ्यांतल्या पाण्यातूनही तिला ते दिसलं.

“आई, डावी काच तिरकी बसवलीय त्या समोरच्या दुकानवाल्याने. डोकं दुखत असेल तुमचं.”

“दुखतं ना! केव्हापासून दुखतं,” डोळे गच्च मिटून सासूबाई म्हणाल्या. “तू नीट करून दे.”