पहिली कात

दाबकुंडाचा काटा चारशेवरून तीनशे नव्वद वातदाबांवर उतरलेला दिसला, तेव्हाच शर्वाणी तिरोडकर समजली की पंप गेला. रत्नागिरीच्या त्या प्रयोगशाळेत चार किलोमीटर खोल समुद्रातून आणलेली एकच मादी जिवंत होती. दिसायला कोळंबीची चुलत बहीण, पोटाखालच्या पिशवीत एकतीस अंडी. पंपाचा नवा भाग यायला सहा आठवडे लागणार होते, आणि दाब रोज दहाने उतरणार होता.

विभागप्रमुख सबनीस सर म्हणाले, दोनशेखाली ती जगायची नाही. आजच स्पिरिटमध्ये घाला, निदान नमुना तरी चांगला राहील. तिथला रिवाजच तो.

"आई जाईल, सर. पिल्लं वाचतील," शर्वाणी म्हणाली. "तिच्या पेशींतलं दाबरक्षक द्रव्य प्रथिनांना दाबाखाली मोडू देत नाही. दाब उतरला की तेच त्यांना जखडतं. मोठ्यांत त्याचं प्रमाण कायमचं ठरलेलं असतं. पिल्लं मात्र पहिली कात टाकेपर्यंत बाहेरच्या दाबाप्रमाणे ते बनवतात."

"सिद्ध झालंय हे?"

"नाही."

सरांनी बराच वेळ चष्मा पुसला, आणि स्पिरिटची बरणी परत कपाटात ठेवायला सांगितली.

मग शर्वाणी दिवसातून दहादा काटा बघू लागली. कुंड सांभाळणारे हसनचाचा चिडवायचे, "बाय, तुमची पोर पाळणाघरात, नि तुम्ही हिची दाई." ती हसायची, आणि लगेच पाळणाघरात फोन लावायची.

मादी काही खात नव्हती. नुसती पायांनी पिशवीत पाणी खेळवत होती. एकविसाव्या दिवशी, एकशे नव्वदवर, ते पाय थांबले. तासाभरात सत्तावीस पिल्लं बाहेर आली. शर्वाणी तोंड धुऊन आली आणि पुन्हा मोजू लागली.

चाळिसाव्या दिवशी काटा एकवर आला. तळाशी सत्तावीस इवल्या काती पडल्या होत्या.

दोन दिवसांनी पंपाचा भाग आला. आता पिल्लांना त्यांच्या घरचा दाब द्यायचा, सर आनंदाने म्हणाले. शर्वाणीनेही मान हलवली. काटा तीसवर गेला आणि पिल्लं एकेक करून कुशीवर कलंडली.

"बंद करा, चाचा," शर्वाणी म्हणाली. "यांची कात टाकून झालीय. मीच सांगितलं होतं, आणि मीच विसरले."

"पण समुद्र यांचाच ना, बाय?"

"आईचा होता."

दाब सोडल्यावर पिल्लं सावरली, पोहू लागली. म्हणजे झाकणाचीही गरज नाही, सर हळूच म्हणाले. चाचांनी बाराही बोल्ट काढले. शर्वाणीने त्या थंडगार पाण्यात बोट बुडवलं. एक पिल्लू आलं, मिशांनी चाचपलं आणि बोटावर चढलं.

"चावेल, बाय."

तिने बोट तसंच ठेवलं.