सुईएवढं भोक

मोनिकानं डोळ्यांचं लेझर करून घेतलं ते चिंगीपायी. दीड वर्षाची पोर कडेवर बसली की पहिला हात आईच्या चष्म्याला. दोन चष्मे मोडून झाले होते. चष्मा नसला की मोनिकाला पोटच्या पोरीचा चेहरासुद्धा धड दिसत नसे. "नगरला जाऊ अन् काढूनच टाकू एकदाचा," असं रविराजच म्हणाला. सासूबाई, राहीबाई, हसल्या. "बघ बाई, आता नवरा नीट दिसंल तुला. पस्तावशील!"

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं, नंबर मोठा, त्यात तिरपा. थोडे दिवस एकाचे दोन दिसतील, घाबरायचं नाही. झालंही तसंच. सोनईच्या पेठेत प्रत्येक दिव्याशेजारी एक पुसट दिवा, पाट्यांवरच्या अक्षरांना डावीकडं सावली. डोळ्यांत थेंब घालता घालता ते सगळं विरत गेलं. दारातल्या लिंबाची पानं सुटी सुटी दिसू लागली, तेव्हा मोनिकाला काय करू अन् काय नको असं झालं.

रविराज मात्र दोनच राहिला. त्याच्यापासून वीतभर डावीकडं आणखी एक पुसट रविराज.

"मी अजून दोन दिसतो व्हय?" तो चेष्टा करायचा. "मग एकाला दुकानावर धाडत जा की!"

तीही हसायची. मग एकदा जेवताना रविराजनं पेला खाली ठेवला, आणि पुसट हात पेल्यासकट जरासा मागाहून खाली आला. मोनिकाच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढं तर त्या दुसऱ्यानं नक्कल करणंही सोडलं. रविराज मान खाली घालून भाकरी कुस्करत होता, आणि तो मान वर करून चिंगीकडं बघत होता.

मोनिका शाळेत विज्ञान शिकवायची. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण आता पोर बापाच्या हाती द्यायची म्हटलं की ती काहीतरी निमित्त काढून पोरीला कडेवरच ठेवायची. शेवटी तिनं डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सोपं आहे," त्या म्हणाल्या. "जाड कागदाला सुईनं भोक पाडा. एक डोळा झाकून त्यातून बघा. डोळ्याच्या दोषामुळे दिसत असेल ते जाईल. खरं असेल ते राहील."

बाहेर लख्ख ऊन होतं. रविराज अंगणात पाण्याच्या टाकीला टेकून चिंगीला खेळवत होता. मोनिकानं एका लग्नपत्रिकेला भोक पाडलं अन् डोळ्याला लावलं.

एकच माणूस. हुश्श!

मग तिचं टाकीकडं लक्ष गेलं.

टाकीला टेकून कुणीच नव्हतं. उरलेला माणूस वीतभर डावीकडं उभा होता, ठळक. चिंगी त्याच्या हातात होती.

तिनं पत्रिका खाली घेतली. तरीही तो एकटाच.

"अहो..."

त्यानं वळून पाहिलं. ओठ हलले. जरा वेळानं शब्द आले.

"आता नीट दिसतंय ना?"

"चिंगीला द्या इकडं. द्या म्हणते ना!"

त्यानं दिली. मोनिकानं पोरीला छातीशी घट्ट आवळलं. चिंगी खुदकन हसली, आणि सवयीनं तिचा हात आईच्या डोळ्यांकडं, जिथं चष्मा असायचा तिथं आला.

जरासा मागाहून, डावीकडून, दुसरा पुसट हात आला.