खुंटी कुणी हलवली?

“भुजंग, पळ! लिंब तोडायलेत!”

पंचफुलाची हाक ऐकताच भुजंगने विटीदांडू टाकला. दोघं नदीकडच्या मैदानाकडे धावली.

गंगाखेडात नवी बाग होणार होती. फुलझाडं, बाकं आणि मधोमध गाण्याभजनांसाठी ओटा! पण भिंतीसाठी आखलेली पांढऱ्या फक्कीची रेघ नेमकी जुन्या लिंबाच्या बुंध्यावरून गेली होती. त्याच लिंबाखाली पंचफुलाचे आजोबा सिताराम दर बुद्धपौर्णिमेला जलसा करत. भुजंगच्या घरचं भजनही तिथंच होई.

आजोबा झाडाला पाठ लावून उभे होते. समोर कुऱ्हाडवाला तयार!

“मुकादमकाका, थांबा ना!” पंचफुला धापा टाकत म्हणाली.

“भिंत इथूनच जाती. नकाशा हाय,” मुकादम व्यंकटराव म्हणाले.

तिनं नकाशात डोकावलं. “पण यात झाड ओट्याच्या मधोमध आहे! तुमच्या आखलेल्या ओट्यात तर झाडच नाही!”

“कागदावर शोभेला काढतेत झाडं! हटा आता!”

पंचफुला हटली नाही. “मापं कुठून घेतली, काका?”

“त्या लाल खुंटीपासून. नकाशावाल्या साहेबांनी सोता रोवलेली.”

भुजंग खुंटीकडे पळाला. “पंचे, इकडं बघ! भोवती गवत गोल चरलेलं. अन् ह्या लेंड्या!”

“धुरपताआजीची बकरी! आजी, खुंटी तुम्ही हलवलीत?”

शेजारच्या बाभळीला बकरी बांधून बसलेली धुरपताबाई फणकारली, “म्या कशाला सरकारी खुंटी उपटू?”

कुऱ्हाड उचलली गेली. भुजंगने हळूच बकरीचं दावं सोडलं. बकरी थेट लाल खुंटीपाशी गेली आणि ऐटीत बसली! कुऱ्हाडवालाही फिसकन हसला.

धुरपताबाई ओशाळली. “तिकडं लय ऊन होतं रे. मुकं जनावर हाय. म्हणून खुंटी इकडं सावलीत रोवली.”

“तिकडं म्हणजे कुठं? दाखवा, आजी, लवकर!”

तिनं दाखवलेल्या जागी बुजत आलेला खड्डा सापडला. मुकादमांनी तिथून टेप ओढला. ओट्याचा मध्य कुठं येणार?

टेप लिंबाच्या बुंध्याला टेकला! भिंत पार अलीकडे, रस्त्याच्या कडेला गेली.

“वाचलं!” भुजंग ओरडला.

व्यंकटरावांनी कपाळाचा घाम पुसला. “शाबास, पोरांनो! नकाशा मी घेऊन हिंडत होतो, वाचला तुमी.”

आजोबांनी पंचफुलाच्या डोक्यावर हात ठेवला. “यंदा जलशाचं पहिलं गाणं तू म्हणायचं.”

मुकादमांनी खुंटी जुन्या जागी ठोकली. “आता हिला कुणी हात लावू नका!”

“ते बकरीला सांगा, काका!” भुजंग म्हणाला.