भिंतीपलीकडचा रेडिओ

ही गोष्ट खरी आहे. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण जिच्या आईबाबतीत घडली त्या डोरोथीनेच मला सांगितली, आणि ती बाई उगाच बोलणारी नव्हे.

इंग्लंडमधलं गिरण्यांचं गाव ओल्डहॅम, १९५४. नाताळचा दिवस.

डोरोथीची आई विनी ऑग्डेन घरात एकटीच होती. तिच्याकडे रेडिओ नव्हता. कधी गरजही पडली नाही. शेजारी सेथ हारग्रीव्हज राहायचा. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं कान गेलेला म्हातारा. त्याचा रेडिओ एकेरी विटेच्या भिंतीतून विनीला सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीपर्यंत ऐकू यायचा.

"अहो हारग्रीव्हज, सगळ्या गल्लीला ऐकवता की काय?" ती अंगणातून ओरडायची.

"मग तू रेडिओच्या लायसनचे अर्धे पैसे दे की!"

नाताळला दुपारी राणीचं भाषण झालं, राष्ट्रगीत लागलं, की भिंतीच्या दोन्ही बाजूंना दोघं उभी राहायची. मग सेथ शेकोटीच्या सळईनं भिंतीवर ठोकायचा.

ठक, ठक.

विनीही उलट ठोकायची. दोघांचा नाताळ तेवढाच.

नोव्हेंबरात सेथ गेला. पुतणीनं सामान विकलं, रेडिओसुद्धा. घराची किल्ली विनीकडे ठेवली.

घर एकदम मुकं झालं. विनीला ते सोसेना. शेवटी तिनं डोरोथीला कळवलं, "ये, घेऊन जा मला."

डोरोथी नाताळच्या दुसऱ्या दिवशी येणार होती.

नाताळच्या सकाळी विनी एकटीपुरते बटाटे सोलत होती. आणि...

भिंतीतून घंटा वाजल्या. चर्चमधली प्रार्थना सुरू झाली.

तिच्या हातातली सुरी थांबली.

प्रार्थना संपली. नाताळची गाणी लागली. मग दूरदेशीच्या लोकांच्या शुभेच्छा...

ती किल्ली घेऊन शेजारी गेली. दार उघडलं.

शांतता.

खोली रिकामी. भिंतीच्या कागदावर रेडिओच्या जागी तेवढा चौकोन न विटलेला. एक खुर्चीसुद्धा नाही.

ती घरी परतली. गाणं मधल्याच ओळीवर चालू होतं.

दुपारी भाषण झालं. राष्ट्रगीत लागलं. सवयीनं विनी उभी राहिली.

पलीकडे... खुर्ची सरकली.

गीत संपलं.

ठक, ठक.

विनीनं सळई उचलली. उलट ठोकावं की नाही? बराच वेळ ती तशीच उभी राहिली.

पलीकडेही कुणी वाट पाहत होतं.

मग तिनं ठोकलं.

दुसऱ्या दिवशी डोरोथी आली. आई भरून ठेवलेली बॅग रिकामी करत होती.

"अगं आई, इथं एकटी काय करणार आहेस?"

"एकटी कुठे?" विनी म्हणाली. "तू चहा घे."

ती तिथेच राहिली. वसंतात शेजारी नवं बिऱ्हाड आलं. डोरोथी भेटायला गेली, तेव्हा त्या घरातल्या बाईनं तिला दारातच गाठलं.

"राग मानू नका हं. पण तुमच्या आईला रेडिओ जरा हळू लावायला सांगा ना. दिवसभर चालू असतो."

आईच्या घरात रेडिओ नव्हता.

"आणि रात्री शेवटी राष्ट्रगीत लागलं," ती बाई म्हणाली, "की दोन खुर्च्या सरकतात. कोण असतं हो त्यांच्याकडे?"

विनीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. डोरोथी अजूनही घरात रेडिओ ठेवत नाही.

मी एकदा कारण विचारलं. तिनं नुसतं भिंतीकडे पाहिलं.

तेव्हापासून राष्ट्रगीत लागायच्या आधीच मी माझा रेडिओ बंद करतो.