संसर्गाचं कलम

माहिती नियंत्रण केंद्राच्या प्रयोगशाळेत नलिनी फणसळकर सकाळपासून पडद्यासमोर बसून होती. नकाशावरचे हिरवे ठिपके एकामागून एक काळे पडत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे एक सरकारी संगणक यंत्रणा. ठिपका काळा झाला, की ती यंत्रणा राष्ट्रीय सुरक्षेच्या कक्षेत जाई आणि बाहेरच्यांना बंद होई.

"तुंगारेसाहेब, हे कुणा शत्रूचं काम नाही," ती म्हणाली. "आपला कायदाच हे करतोय."

भास्कर तुंगारे केंद्राचे संचालक होते. गोपनीयता कायद्याचा मसुदा त्यांच्याच हातचा.

"म्हणजे काय?"

"कलम सात. गुप्त गोष्टीशी ज्याचा संपर्क येईल, तेही गुप्त. माणसं चुकतात म्हणून अंमलबजावणी आपण 'द्वारपाल' प्रणालीकडे दिली. काल लष्कराच्या गोदामानं हवामान खात्याकडून पावसाचे आकडे घेतले. हवामान खातं गुप्त झालं. त्याच्यामुळे धरणं, धरणांमुळे वीज मंडळ. आणि वीज कुणाला लागत नाही?"

"तासाभरासाठी द्वारपाल बंद करा!"

"तशी परवानगी देणारं कार्यालय सव्वादहालाच काळं झालं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. चाळीस किलोमीटरवरच्या सरकारी रुग्णालयातून डॉक्टर बोलत होते.

"फणसळकरबाई, तुमच्या मिस्टरांचं अपेंडिक्स फुटलंय. ते शुद्धीवर नाहीत आणि त्यांची आरोग्यनोंद उघडत नाहीये. कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?"

"पेनिसिलिनची! चुकूनही देऊ नका, मागं एकदा जीव जाता जाता वाचलाय!"

"हॅलो? बाई, ऐकू येतंय का?"

ती ओरडली, पुन्हा ओरडली. तुंगाऱ्यांनी घाईघाईनं स्वतःच्या मोबाइलवरून रुग्णालयात फोन लावला. डॉक्टरांच्या सहायकानं तो घेतला, पण त्यालाही इकडचं काही ऐकू जाईना.

तुंगाऱ्यांनी फोन बंद केला.

"मसुद्यात मी 'यंत्रणा' हा शब्द ठेवला नव्हता," ते पुटपुटले. "पळवाट राहू नये म्हणून 'घटक' लिहिलं. संपर्कात आलेला कोणताही घटक. त्यात माणूसही येतो, नलिनी. सकाळपासून आपण दोघं हा नकाशा बघतोय. आता द्वारपाल आपला आवाज बाहेर जाऊ देणार नाही."

ती दाराकडे धावली. दार उघडलं नाही.

टेबलावर राहिलेल्या तिच्या फोनमधून डॉक्टरांचा आवाज स्वच्छ येत होता.

"लाइन गेली वाटतं. आता थांबून चालणार नाही. सिस्टर, नेहमीचं पेनिसिलिन भरा."